पेटीवाल्याची सही

डॉक्टर कित्तूरांच्या दवाखान्यात मी दाढ दाखवायला बसले होते आणि भिंतीतल्या स्पीकरमधून माझा बागेश्री वाजायला लागला.

माझा म्हणजे अगदी माझा. आवाज तेवढा माझा नव्हता. तो कुठल्या तरी कोवळ्या मुलीचा होता, पाकात घोळवून काढल्यासारखा. यंत्रानं बनवलेले आवाज आताशा असेच असतात. पण गाणं माझं होतं. बागेश्रीत मध्यमावरून गंधारावर उतरायची माझी एक तऱ्हा आहे. गाणारे त्याला 'जागा' म्हणतात. एवढासा तुकडा असतो, पण त्यावरून गाणारा ओळखावा. मध्यमावर थांबायचं, आता गंधार येणार, आता येणार असं ऐकणाऱ्याला वाटायला लावायचं, आणि द्यायचाच नाही. श्वास संपता संपता हळूच ठेवायचा. ती स्पीकरमधली पोरगी नेमकं तेच करत होती.

बरं, कुणी माझी रेकॉर्ड ऐकून उचललं म्हणावं, तर मी आयुष्यात एकदाही रेकॉर्डिंग केलेलं नाही. मैफलीत कुणी मोबाइल वर केला तर मी गाणं थांबवते आणि तो आत जाईपर्यंत त्या माणसाकडं बघत बसते. मिरजेत मला सगळे खडूस म्हणतात ते यामुळंच. म्हणू देत.

"कुणाचं गाणं गं हे?" मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

तिनं स्क्रीन बघितला. "'नादांकुर'चं आहे मॅडम, नवीन आलंय. मुख्य कलाकार… शिरीष तगारे."

शिरीष तगारे म्हणजे माझा पेटीवाला. तीस वर्षं माझ्या डाव्या हाताला बसून हार्मोनियमवर साथ करणारा.

"मॅडम, तुमचा नंबर आलाय!"

"डोंबल आलाय," म्हटलं आणि उठले. दाढ राहिली तशीच ठणकत.

बाहेर बिनचालकाची रिक्षा मिळाली. त्या रिक्षांचं मला एकच वावडं आहे, चिडलेल्या माणसाला भांडायला पुढं कुणी नसतं. सगळा राग तसाच घेऊन मी सांगलीच्या विश्रामबागेत शिरीषच्या दारात उतरले.

दार त्यानंच उघडलं. बँकेतून रिटायर झाल्यापासून हा गृहस्थ घरातसुद्धा सिल्कचा झब्बा घालतो, केस काळेभोर करतो आणि अत्तर तर विचारूच नका. मला बघून त्याचा चेहरा खुलला.

"ऐकलंत? अहो, मी रविवारी सांगणारच होतो. सरप्राइज!"

"सरप्राइज? मेल्या, माझं गाणं विकलंस तू!"

"तुमचं? छे छे, ताई, भलतंच काय!" तो खरंच दचकला. "तुमच्या आवाजाचा कणसुद्धा नाही त्यांच्याकडं. मीच अट घातली होती, माइक लावायचा नाही, ताईंना चालत नाही. मी फक्त माझी बोटं दिली."

मग त्यानं पेटी उघडून दाखवली. प्रत्येक पट्टीच्या खाली कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ फीत चिकटवलेली होती, एक भात्याच्या आतही होती. कोणतं बोट कोणत्या पट्टीकडं कलतंय, किती दाबतंय, कुठं नुसतं टेकून परत येतंय, हे सगळं त्या फितीला कळायचं, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. वर्षभर माझ्या प्रत्येक मैफलीत त्या फिती माझ्या शेजारी बसलेल्या होत्या आणि मला पत्ता नव्हता.

"आणि त्या बोटांतून ही पोरगी कशी गायला लागली?"

"ते मला विचारू नका. मला वाटलं, माझ्यासारखी पेटी वाजवणारं यंत्र करणार असतील." तो खाली बसला. "ताई, साथीदाराचं स्वतःचं असतं काय हो? तुम्ही गाता, मी मागून येतो. माझ्या बोटांत तुमचं काही असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि त्या कंपनीच्या पोरानं कागद पुढं ठेवला, तर वरती ठळक अक्षरांत, 'मुख्य कलाकार: शिरीष तगारे'. तीस वर्षं पत्रिकेत माझं नाव कुठं असतं? आभाराच्या वरच्या ओळीत. मी ते वाचलं आणि सही केली."

"बाकीचं वाचलंस?"

"जाडजूड होतं हो ते."

"ठीक आहे. उद्यापासून माझ्या मागं पेटीवर बसायचं नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून त्याची बायको अलका बोलली. "बसताही येणार नाही त्यांना, ताई. पाच वर्षं कंपनी सोडून दुसऱ्या कुणाबरोबर वाजवायचं नाही, असंही लिहिलंय त्यात. काल मी वाचलं."

माझी भाची ऋतुजा सांगलीत वकिली करते. कलाकारांची आणि कंपन्यांची भांडणं हाच तिचा धंदा. करार तिच्यासमोर टाकला, तर ही बाई पहिलं पानच घेऊन बसली.

"मावशी, माणसं करारात आधी पैसे बघतात. वाचायची असते व्याख्या. बघ, 'कलाकृती म्हणजे कलाकाराचे वादन, आणि त्यावरून अनुमानाने निष्पन्न होणारे सर्व संगीत, आज असलेल्या व पुढे निघणाऱ्या सर्व माध्यमांत, जगभर, कायमचे.' अनुमानाने. हा एक शब्द त्यांनी विकत घेतलाय."

"मराठीत सांग."

"तू सकाळी उठून गेलीस तरी गादीवरचा खळगा बघून सांगता येतं ना, कोण झोपलं होतं, कोणत्या कुशीवर? तसं." मग तिनं मला समजावलं ते असं. माणूस ऐकून हात हलवतो तेव्हा मधे सेकंदाचा निदान दहावा भाग जातो. साथ करणारा जर खरोखर ऐकून मग वाजवत असता, तर पेटी कायम तेवढी मागं पडली असती आणि ऐकवलं नसतं. चांगला साथीदार ऐकून वाजवतच नाही. गायक पुढं काय करणार याचा तो अंदाज बांधतो, आणि सूर निघायच्या आधी त्याचं बोट तिकडं निघालेलं असतं. म्हणजे शिरीषच्या बोटांत त्याचं वाजवणं कमी होतं आणि माझं पुढचं गाणं जास्त होतं. वर्षभराची बोटं मिळाल्यावर यंत्रानं उलटा हिशेब केला. बोटं ज्याची वाट बघत होती ते गाणं काढलं आणि एका खोट्या गळ्यात घातलं.

"दिवाळीला बारा रागांचा संच काढतायत," ऋतुजा म्हणाली.

आमच्या गुरुजींनी तरुणपणी एक रेकॉर्ड दिली होती. गाजली. त्यानंतर मरेपर्यंत जिथं जातील तिथं लोकांना तेच पाहिजे, तसंच पाहिजे, तानसुद्धा तिथल्या तिथं पाहिजे. म्हातारपणी एकदा मैफलीहून आले आणि मला म्हणाले, "वैजू, माझंच भूत माझ्यापुढं बसून गातंय." त्या दिवशी मी ठरवलं, आपलं गाणं आपल्याबरोबर जाईल, पण ते रोज नवं असेल. आता बारा भुतं येणार होती, आणि तीही दुसऱ्याच्या तोंडातून.

"अडव," मी म्हटलं. "काय वाटेल ते कर."

"अडवता येईल. हे संगीत तुझं एकटीचं आहे, असा लवादापुढं दावा करायचा. सिद्ध झालं की संच बंद." ती थांबली. "फक्त शेवटचं कलम ऐक. 'कलाकार हमी देतो की हे सर्व त्याच्या एकट्याच्या मालकीचे आहे. तसे नसल्याचे आढळल्यास कंपनीचे सर्व नुकसान कलाकार भरून देईल.' म्हणजे तू जिंकलीस तर शिरीषमामा बुडाले. फ्लॅट विकूनही भागणार नाही त्यांचं."

"त्यानं सही करताना विचार केला होता का माझा?"

"नाही केला."

"मग कर दावा."

बोलले खरं. घरी येऊन तंबोऱ्याचं यंत्र लावलं आणि दोन तास एकटीच गायले. कोरडं, कोरडं. एका शिष्येला पेटीवर बसवलं तर ती बिचारी माझ्या तोंडाकडं बघत मागून मागून येत होती, सून सासूच्या मागून येते तशी. तिला हाकललं.

मग एक दिवस 'नादांकुर'चा माणूस घरी आला. कौस्तुभ परचुरे त्याचं नाव, तिशीतला, अतिशय नम्र. वाकून नमस्कार वगैरे. मला असली माणसं जड जातात; उद्धट असता तर मी दोन मिनिटांत वाटेला लावला असता.

"मॅडम, आम्हाला भांडायचं नाही. तुम्हीच आमच्याबरोबर या. खोटा आवाज काढून टाकू, तुमचा घालू. नाव तुमचं सर्वांत वर."

"मला वर-खाली कुठंच नाव नको. माझं गाणं परत द्या आणि जा."

"परत द्यायला ते आमच्याकडं पूर्ण कुठं आहे?" तो प्रामाणिकपणे म्हणाला. "आमचं यंत्र बऱ्याच ठिकाणी तुमच्या जवळ जातं, मधेच घसरतं. काही ठिकाणी तर ते काहीच्या बाही सांगतं, पेटी आधी आणि गाणं नंतर, असं. ते आम्ही दोष म्हणून काढून टाकतो. तुमचा गळा एकदा मिळाला तर सगळं नीट बसेल."

"मिळणार नाही."

"सुनावणीत द्यावाच लागेल, मॅडम," तो हळूच म्हणाला. "गळ्याला सेन्सर लावून गायल्याशिवाय ते संगीत तुमचं आहे हे ठरवणार कसं? आणि एकदा गायलात की…" त्यानं वाक्य अर्धवट सोडलं आणि चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला.

कुलूप चोराचं नाही हे दाखवायला चोरासमोर किल्ली फिरवून दाखवायची, असला हा प्रकार. लगेच ऋतुजाला फोन लावला. ती म्हणाली, लवादाचा हुकूम आहे, गळ्याची सगळी नोंद सीलबंद राहील आणि निकालानंतर तुझ्यासमोर पुसली जाईल. मी विचारलं, तुझा विश्वास आहे? तर म्हणाली, "लवाद आहेत त्या सबनीस मॅडमवर आहे. दुसऱ्या कुणावर नाही."

अलकाचाही एकदा फोन आला होता. रडली नाही, भांडली नाही. "ताई, ते पेटीला हात लावत नाहीत हो हल्ली," एवढंच म्हणाली आणि ठेवला. मला तिचाही राग आला. भांडली असती तर बरं झालं असतं.

सुनावणी पुण्यात होती, एका संस्थेच्या आवाजबंद खोलीत. लवाद म्हणून निवृत्त न्यायाधीश सबनीस मॅडम. बारीक चणीच्या, पांढरे केस आखूड कापलेले, बोलणं मोजकं. एका बाजूला परचुरे आणि त्याचे वकील, दुसरीकडं मी आणि ऋतुजा. शिरीष मधेच कुठंतरी, भिंतीला टेकून. झब्बा साधा सुती, अत्तर नाही. आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

तिथले तज्ज्ञ प्राध्यापक होते, त्यांनी चाचणी समजावून सांगितली. सूर बाहेर पडायच्या आधी गळ्याचे स्नायू त्या सुरासाठी बेतात येतात. गळ्याला लावलेल्या सेन्सरला ते कळतं. तसंच पट्टी दाबायच्या आधी बोट तिकडं कलतं, भात्याचा दाब बदलतो. हे दोन्ही शेजारी शेजारी मांडलं की कोणत्या सुराची तयारी कुणाकडं आधी झाली ते दिसतं. ज्याच्याकडं आधी, संगीत त्याचं.

"मावशी, तू पुढं राहा," ऋतुजा माझ्या कानात म्हणाली. "काही झालं तरी तू पुढं."

"मी पुढंच असते," मी म्हटलं. "गाणारी मी आहे."

बागेश्री लावला. सुरुवातीला मी फार सावध होते. प्रत्येक सूर असा टाकत होते की बघा, हा माझा, हाही माझा. शिरीष मागून येत होता, दबत दबत. इतके दिवसांनी ती पेटी कानावर पडली आणि माझ्या अंगात कुठंतरी काहीतरी सैल झालं. पाच-दहा मिनिटांत मी सेन्सर विसरले, परचुऱ्याला विसरले, ठणकणारी दाढसुद्धा विसरले. गाणं सुरू झालं.

आणि त्या जागेवर आले. मध्यमावर होते. खरं सांगायचं तर मी गंधार द्यायला निघालेच होते. गळा तयार होता. डाव्या हाताला शिरीषचा भाता मात्र जागचा हलला नाही. पेटी सूर द्यायच्या आधी एक बारीकसा श्वास घेते, तो तिनं घेतला नाही. आणि मी थांबले. तो थांबला होता म्हणून मी थांबले. मग भाता किंचित कलला, तो श्वास आला, आणि त्याच्यावर मी गंधार ठेवला.

गाणं तसंच चालू होतं, पण आतून मी दुसरंच ऐकत होते. इथं तो आधी. इथं मी. इथं पुन्हा तो. इतकी वर्षं मी हे ऐकत होते आणि मला माहीत नव्हतं.

चाचणी संपल्यावर पडद्यावर दोन रेघा आल्या, लाल माझी आणि निळी त्याची. काही ठिकाणी लाल पुढं, काही ठिकाणी निळी. प्राध्यापकांनी दोनदा तपासलं. "ढोबळ मानानं तीनांतली एक जागा पेटीकडून सुरू होते," ते म्हणाले. "कंपनीनं दोष म्हणून जे काढून टाकलं, तो दोष नव्हता."

परचुऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण मला तो बघायचं भान नव्हतं.

सबनीस मॅडम माझ्याकडं वळल्या. "शिरगुप्पेबाई, तुमचा दावा आहे की हे संगीत एकट्या तुमचं आहे. दोन भाग तुमचे आहेतच. दाव्यावर ठाम राहिलात तर मोठा वाटा धरून मी तुमच्या बाजूनं निकाल देऊ शकते. मग तगाऱ्यांनी परक्याची वस्तू विकली असं ठरेल आणि हमीचं कलम त्यांना लागू होईल. दुसरा मार्ग असा. हे संगीत दोघांनी मिळून केलेलं आहे, असं तुम्ही दोघांनी इथं मान्य केलंत, तर नव्या कायद्याप्रमाणे एकट्याची सही पुरत नाही. करार झालाच नाही असं धरलं जाईल. कुणावर भरपाई नाही, सगळं पुसलं जाईल. मात्र ते मान्य केलेलं निकालपत्रात जाईल, आणि निकालपत्र सगळ्यांना वाचता येतं."

ऋतुजानं माझा हात दाबला. ठाम राहा, असं तिला म्हणायचं होतं. वकील होती ती माझी.

मी काही बोलायच्या आधी शिरीष उठून उभा राहिला.

"मॅडम, यंत्र चुकतंय," तो म्हणाला. "मी कधीच पुढं गेलेलो नाही. तीस वर्षं ताईंच्या मागंच आहे. सगळं ताईंचं आहे. भरपाई माझ्यावर टाका, घर घ्या, पण हे असलं माझ्या नावावर लिहू नका."

सबनीस मॅडमना कळेना, परचुऱ्याला तर मुळीच. हातात आलेलं घर हा माणूस का घालवतोय? मला कळलं. आमच्यात साथीदार गायकाच्या पुढं गेला ही शिवी आहे. चोरी माफ होते, दारू माफ होते, हे होत नाही. मुख्य कलाकार म्हणून नाव छापून आल्यावर हाच माणूस लहान मुलासारखा नाचला होता, पण आपल्या गायिकेला आपण वाट दाखवत होतो हे त्याच्या तोंडून मेला तरी निघालं नसतं.

आणि तो मान्य करत नव्हता म्हणजे ते मलाच सांगावं लागणार होतं. वैजयंती शिरगुप्पेनं. जिनं आयुष्यभर कुणाची उसनी तान घेतली नाही असं लोक सांगतात, आणि जिला ते ऐकायला आवडतं. माझी जीभ उचलेना. क्षणभर वाटलं, राहू दे, जाऊ दे त्याचं घर, त्यानं सही करताना वाचलं नाही यात माझा काय दोष?

"शिरीष, खाली बस," मी म्हटलं.

"ताई, तुम्ही नका…"

"गाढवा, बस म्हणते ना!"

तो बसला.

"लिहून घ्या मॅडम," मी म्हटलं. "यंत्र बरोबर आहे. बागेश्रीतली ती जागा, जिच्यासाठी लोक मला बोलावतात, ती याची आहे. आज गाताना मला ऐकू आलं. तो थांबतो म्हणून मी थांबते. अशा आणखी किती असतील मला माहीत नाही. तो पुढं होता आणि मी मागून गेले. हे मी शुद्धीत सांगतेय आणि मला सांगताना फार जड जातंय, तेही लिहा."

"तगारे?" सबनीस मॅडमनी विचारलं. शिरीषनं दोन्ही हातांत तोंड घातलं होतं. शेवटी त्यानं होकाराची मान हलवली.

करार रद्द झाला. माझ्या गळ्याची नोंद, त्याच्या वर्षभराच्या बोटांची नोंद, ती बारा भुतं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर पुसलं. परचुरे जाताना पुन्हा वाकला. ऋतुजानं मला मिठी मारली, मी तिला. शिरीष मात्र आम्हाला न सांगता दुसऱ्या गाडीनं निघून गेला.

पुढच्या सोमवारी तो रियाजाला आला. वेळेवर. पेटी मांडली, फिती काढून टाकलेल्या दिसत होत्या. मी जयजयवंती धरला आणि गायला लागले.

तो छान वाजवत होता. म्हणजे एक सूर चुकत नव्हता. मी गेले की तो येत होता, मी थांबले की तो थांबत होता, आधी नाही की मधे नाही. मी दोनदा मुद्दाम रेंगाळले. त्यानं वाट बघितली, माझ्या शिष्येनं बघितली असती तशी. अर्ध्या तासानं मी थांबले.

"काय चाललंय हे?"

"साथ करतोय, ताई."

"ही साथ नव्हे, ही हजेरी आहे. आधी करायचास तशी कर."

त्यानं भाता बंद केला. "आधी काय करत होतो ते मला कुठं माहीत होतं? आता माहीत आहे. इचलकरंजीचा कार्यक्रम गेला माझा. पाच वर्षांचं ते बंधन सुटलं म्हणून त्यांना हो म्हटलं होतं. त्यांनी निकाल वाचला. म्हणाले, तुम्ही गायकाला ओढता म्हणे."

"खड्ड्यात गेली इचलकरंजी. मी आहे ना?"

"तुम्ही आहात." तो माझ्याकडं बघत नव्हता. "पण आता माझं बोट कललं की मला दिसतं, ताई. मी पुढं चाललो, हे मला दिसतं. मग मी ते मागं घेतो."

"नको घेऊस."

"ते माझ्या हातात राहिलेलं नाही."

मला त्याला झापायचं होतं. घर वाचवलं तुझं, नाक कापून घेतलं चारचौघांत, आणि तू मला हे देतोस, असं म्हणायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथंच राहिले, कारण त्याचं बोट बंद पेटीच्या पट्टीवर नुसतं टेकून परत येताना मला दिसत होतं. कंपनीकडं आता माझा एक सूर नाही. माझ्याकडंही नव्हता, निदान तो तीनांतला एक तरी.

"चल, पुन्हा," मी म्हटलं.

त्यानं भाता उघडला. मी सा लावला. पेटी मागून आली, जशी यायला पाहिजे तशी, अगदी वेळेवर. मला रडू फुटलं. पण मी थांबले नाही, गात राहिले, कधीतरी हा चुकेल या आशेवर.